माश्या मोजणारा विद्यार्थी

मुलगा कॉलेजात माश्या मोजतो, हे ऐकून कित्येक शेतकरी बंधूंस वैषम्य वाटते. त्यांच्यासाठी आम्ही ही हकीकत देत आहोत. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत फळमाश्यांवर आनुवंशाचे प्रयोग चालत. सन १९११ मध्ये स्टर्टेव्हंट या पदवीपूर्व विद्यार्थ्यास सुचले की, एका गुणसूत्रावरील दोन गुण संततीत जितके अधिक वेळा विलग होतात, तितके ते परस्परांपासून दूर असावेत, या विचारावरून गुणांचा गुणसूत्रावरील क्रम ठरविता येईल. अभ्यास बाजूस ठेवून, घरी नेलेल्या नोंदींवरून त्याने एका रात्रीत गुणसूत्राचा पहिला नकाशा सिद्ध केला. पिकांसही हाच नियम लागू आहे. तांबेऱ्यास दाद न देणाऱ्या गुणास चिकटून आलेला नको तो गुण सुटण्यास किती रोपे पारखावी लागतील, याचा अंदाज त्यावरूनच बांधतात. सबब मुलास घरी बोलावण्याची घाई करू नये.