त्वचा रापते तेव्हा आत काय घडते?

युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलियात उन्हाळा आला की गोऱ्या वर्णाची असंख्य माणसे किनाऱ्यावर तासन्‌तास उन्हात पडून राहतात. त्वचेवर तांबूस-सोनेरी झाक यावी, एवढ्यासाठी. ऊन नसेल तेव्हा अतिनील दिव्यांच्या सनबेडवर झोपतात. ही झाक तब्येतीची खूण समजली जाते. प्रत्यक्षात ती इजा झाल्यावर शरीराने केलेली धावपळ आहे.

ही धावपळ क्रमाने पाहू. सूर्याच्या अतिनील किरणांपैकी दोन प्रकार जमिनीपर्यंत पोहोचतात. यूव्हीबी त्वचेच्या वरच्या थरातच बहुतांशी शोषले जातात, यूव्हीए त्याखालच्या थरापर्यंत शिरतात. यूव्हीबी पेशीतल्या डीएनएवर पडले की त्या साखळीतले शेजारचे दोन घटक नको तिथे जोडले जातात. हा बिघाड पी५३ या प्रथिनामुळे पेशीला कळतो आणि ती रंगपेशींना रासायनिक निरोप पाठवते. मग रंगपेशी मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करतात. त्याचे कण आसपासच्या पेशींत पोहोचतात आणि केंद्रकावर टोपीसारखे बसतात, म्हणजे पुढचे किरण काही प्रमाणात अडतात. हा रंग वर दिसायला दोन-तीन दिवस जातात. म्हणजे इजा आधी होते, रंग नंतर येतो.

पेशी यातले बहुतेक बिघाड दुरुस्त करतात, पण सगळे नाही. उरलेल्या चुका पेशीविभाजनातून पुढे जातात आणि वर्षानुवर्षे साठत राहतात. पेशींच्या वाढीला आवर घालणाऱ्या जनुकांतच त्या झाल्या, तर त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. त्यातला मेलॅनोमा सर्वांत घातक प्रकारांपैकी एक, कारण तो शरीरात इतरत्र पसरतो. यूव्हीए कोलॅजनची वीण सैल करतात, त्यामुळे सुरकुत्या लवकर पडतात. ‘आधी थोडे रापून घेतले की पुढे ऊन बाधत नाही’ या समजुतीलाही फारसा आधार नाही. रापलेल्या त्वचेचे संरक्षण जेमतेम तीन-चार एसपीएफच्या क्रीमइतके असते, आणि त्यासाठी डीएनएची इजा आधीच सोसलेली असते.

सनबेड सुरक्षित, कारण तिथे वेळ मोजून दिली जाते, असे विक्रेते सांगत. पण त्यातले दिवे मुख्यतः यूव्हीए सोडतात, आणि कित्येक यंत्रांची तीव्रता भर दुपारच्या उन्हापेक्षा जास्त असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये सनबेडला पहिल्या, म्हणजे माणसात कर्करोग घडवतात हे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या गटात टाकले; तंबाखू त्याच गटात आहे. त्याच वर्षी ब्राझीलने सौंदर्यासाठी सनबेड वापरण्यावर बंदी घातली. ऑस्ट्रेलियात त्याआधीच, २००७ मध्ये, मेलबर्नची क्लेअर ऑलिव्हर ही २६ वर्षांची तरुणी मेलॅनोमाने गेली. सनबेडविरुद्ध ती अखेरपर्यंत बोलत राहिली. तिच्या आवाहनाने नियम कडक होऊ लागले आणि २०१६ पर्यंत तिथल्या सर्व राज्यांत व्यावसायिक सनबेड बंद झाले.

रंग हवाच असेल, तर किरणांशिवाय मिळणारा घ्यावा. सेल्फ-टॅनिंग लोशनमध्ये डायहायड्रॉक्सिअ‍ॅसिटोन, म्हणजे डीएचए, ही साधी शर्करा असते. त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरातल्या अमिनो आम्लांशी तिची अभिक्रिया होते आणि तपकिरी रंग तयार होतो. पाव भाजताना त्याची साल तपकिरी होते, तीही याच प्रकारची अभिक्रिया. जिवंत पेशींतल्या मेलॅनिनचा यात संबंध नाही. तो थर झडत जातो तसा रंग साधारण आठवड्याभरात उतरतो.

लावण्याची पद्धतही सोपी आहे. आदल्या दिवशी त्वचा हलके घासून मृत पेशी काढाव्यात. कोपर, गुडघे, घोटे इथे लोशन कमी लावावे, कारण तिथे रंग गडद धरतो. मग हात लगेच धुवावेत. आधी छोट्या भागावर लावून पाहावे. फवाऱ्याने रंग घ्यायचा असेल तर डोळे, ओठ, नाक झाकावेत आणि फवारा श्वासात जाऊ देऊ नये. हा रंग ऊन अडवत नाही, त्यामुळे सनस्क्रीन लावायचेच. ‘टॅनिंग’च्या गोळ्या आणि मेलॅनोटॅनची इंजेक्शने मात्र टाळावीत: गोळ्यांतल्या कँथाझँथिनचे स्फटिक दृष्टिपटलावर साठल्याची उदाहरणे आहेत, आणि अशी इंजेक्शने बाजारात परवान्याशिवाय विकली जातात.

मेलबर्न-सिडनीतल्या मराठी कुटुंबांनी ‘आपण सावळे, आपल्याला काय होणार’ असे समजू नये. आपल्या त्वचेतले मेलॅनिन जास्त संरक्षण देते, पण पूर्ण नाही, आणि डोळ्यांचे तर मुळीच नाही. अतिनील निर्देशांक तीन किंवा त्याहून जास्त असेल तेव्हा लांब बाह्या, रुंद काठाची टोपी, गॉगल, सावली आणि ३० किंवा अधिक एसपीएफचे सनस्क्रीन, दर दोन तासांनी पुन्हा, ही सवय लावून घ्यावी. सावळ्या त्वचेत मेलॅनोमा क्वचित होतो, पण झाला तर पुष्कळदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो, जिथे कोणी पाहत नाही. तिथला नवा काळा डाग, किंवा कुठल्याही तिळाचा बदललेला आकार, रंग किंवा कडा दिसल्या तर त्वचारोगतज्ज्ञाकडे लगेच जावे. लवकर सापडलेला मेलॅनोमा शस्त्रक्रियेने बहुतेकदा पूर्ण बरा होतो.