काटा मोडतो तेव्हा शरीरात काय घडते?

शेताच्या बांधावरून चालताना पायात बाभळीचा काटा मोडतो. काटा काढायचा, पाय झटकायचा आणि कामाला लागायचे, असे आपल्यापैकी प्रत्येकाने केलेले असते. संध्याकाळी त्या जागी लाली दिसते. रात्री ठणका लागतो. सकाळी टाच टेकवत नाही. मग घरातले म्हणतात, “काटा पिकला.” कोणी चुना लावायला सांगतो, कोणी तंबाखूची पूड दाबतो, तर कोणी नजर लागल्याचे सांगून मोकळा होतो.

खरे पाहता काटा पिकत नाही. शरीर त्या जागी कामाला लागलेले असते. लाली, सूज, ऊब आणि ठणका ही त्या कामाची चिन्हे आहेत. वैद्यकशास्त्रात या प्रक्रियेला दाह म्हणतात, आणि ती अशी एकाएकी सुरू होऊन काही दिवसांत शमते तेव्हा तिला तीव्र दाह म्हणतात. ही प्रक्रिया आपल्याला वाचवते. मात्र ती हाताबाहेर गेली तर जीवही घेते. म्हणून ती समजून घेतली पाहिजे.

चार जुन्या खुणा

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने दाहाची चार लक्षणे नोंदवली : लाली, सूज, उष्णता आणि वेदना. पुढे त्यांत पाचवे लक्षण जोडले गेले, ते म्हणजे त्या अवयवाचे काम थांबणे. बोट वाकत नाही, पाय टेकवत नाही, घास गिळवत नाही, हे ते पाचवे लक्षण.

यातल्या पहिल्या लक्षणाबद्दल आपण सावध राहायला हवे. ‘लाली’ ही खूण गोऱ्या कातडीवर पाहून लिहिलेली आहे. आपल्या सावळ्या-काळ्या कातडीवर ती लाल दिसेलच असे नाही. ती जांभळट, काळपट किंवा नुसती चकचकीत दिसते. म्हणून लाली नाही म्हणजे दाह नाही, असे समजू नये. हाताची मागची बाजू आधी दुखऱ्या जागेवर आणि मग दुसऱ्या पायाच्या किंवा हाताच्या त्याच जागेवर ठेवून पाहावी. ऊब जास्त लागली, कातडी ताणलेली वाटली, तर दाह आहे.

पहिल्या काही मिनिटांत

आपल्या कातडीखाली मास्ट पेशी आणि मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी कायम मुक्कामाला असतात. काट्याने पेशी फाटल्या किंवा काट्यावरचे जंतू आत शिरले की या पेशींना ते कळते. जंतूंच्या अंगावरचे काही घटक आपल्या शरीरात कुठेच नसतात. त्यावरून परके कोण ते ओळखता येते.

मास्ट पेशी लगेच हिस्टामिन नावाचे रसायन सोडतात. त्याने जवळच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि त्या जागी जास्त रक्त येते. लाली आणि ऊब येते ती यामुळे. त्याच वेळी रक्तवाहिन्यांच्या भिंतींमधल्या फटी वाढतात आणि रक्तातला पातळ द्रव बाहेर झिरपतो. ही सूज. फोडातून किंवा खरचटलेल्या जागेतून जी ‘लस’ वाहते, ती हीच. तिच्यात जंतूंना चिकटणारी प्रतिद्रव्ये असतात आणि रक्त गोठवणारी प्रथिनेही असतात.

ठणका येतो तो दोन कारणांनी. सुजेमुळे जागा ताणली जाते आणि मज्जातंतूंवर दाब पडतो. शिवाय प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायने तिथले मज्जातंतू इतके हळवे करतात की नुसता स्पर्शही सोसवत नाही. हा ठणका उपयोगाचा आहे. तो त्या पायाला सक्तीची विश्रांती देतो.

पू म्हणजे काय?

पुढच्या काही तासांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी येऊन पोहोचतात. त्यांत सर्वांत आधी येतात त्या न्यूट्रोफिल. रक्ताबरोबर वाहत असताना जखमेजवळच्या रक्तवाहिनीची भिंत त्यांना चिकट लागते. त्यांचा वेग कमी होतो, त्या भिंतीवर घरंगळतात, थांबतात आणि फटीतून अंग चोरून बाहेर पडतात. जखमेतून येणाऱ्या रसायनांचा माग काढत त्या जंतूंपर्यंत जातात आणि त्यांना गिळतात. या कामात त्या स्वतःही मरतात. मेलेल्या न्यूट्रोफिल, मेलेले जंतू आणि मोडलेल्या पेशींचा चुरा यांचा मिळून पू होतो. आपल्या हाडांतला मगज रोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार करतो, यावरून हे काम केवढे मोठे असेल याची कल्पना येईल.

पांढऱ्या पेशींचे हे काम जगाला कळले तेही एका काट्यामुळेच. 1882 साली इटलीतल्या मेसिना शहरात इल्या मेचनिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक पिलांच्या अंगात गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तर काट्याभोवती फिरत्या पेशींची गर्दी झाली होती. या शोधासाठी त्यांना 1908 साली नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. त्यांचे एक विद्यार्थी म्हणजे वाल्डेमार हाफकिन. त्यांनीच मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी 1897 मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

अवधाण, ताप आणि रक्ताचा अहवाल

पायाला जखम झाली की जांघेत आणि हाताला झाली की काखेत दुखरी गाठ येते. तिला आपण अवधाण म्हणतो. जखमेतून निघालेला द्रव लसिकावाहिन्यांतून तिथल्या लसिकाग्रंथींत गाळला जातो. जंतू तिथे अडवले जातात, संरक्षक पेशी वाढतात आणि ग्रंथी सुजते. प्लेगमध्ये जांघेत, काखेत येणारी गाठ ही अशीच पेटलेली ग्रंथी असते. फरक एवढाच की प्लेगचे जंतू त्या नाक्यालाही जुमानत नाहीत. त्याच साथीत, मुलगा यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करताना माता सावित्रीबाई फुले यांना प्लेगची लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले.

लढाई मोठी असली की भक्षक पेशींनी सोडलेली रसायने रक्तातून मेंदूपर्यंत जातात. मेंदू शरीराचे तापमान वर नेऊन ठेवतो. म्हणून हुडहुडी भरते, ताप येतो, भूक मरते, झोप येते. यकृत सी.आर.पी. नावाचे प्रथिन जास्त प्रमाणात तयार करू लागते. लॅबच्या अहवालात ‘सी.आर.पी. वाढले’ किंवा ‘पांढऱ्या पेशी 11 हजारांच्या वर’ असे लिहिलेले असते, ते शरीरात कुठेतरी दाह चालू असल्याचे सांगते. तो कुठे आहे आणि कशामुळे आहे, हे मात्र तपासूनच ठरवावे लागते.

दाह शमतो कसा?

एक-दोन दिवसांनी न्यूट्रोफिलची आवक घटते आणि मॅक्रोफेज वाढतात. ते मेलेल्या पेशी गिळून जागा साफ करतात. शरीर दाह थांबवणारी वेगळी रसायनेही तयार करते. म्हणजे दाह आपोआप विझत नाही, शरीर तो विझवते. त्यानंतर डागडुजी सुरू होते. नवे धागे विणले जातात, खपली धरते आणि पुढे वण राहतो. काट्याचा तुकडा आतच राहिला, तर मात्र हे काम पुरे होत नाही. जखम वरून भरल्यासारखी दिसते आणि पुन्हा फुटते.

सोलापूरच्या सुपुत्राची आठवण

दाह हाताबाहेर गेला की काय होते, हे सांगणारी एक घटना आपल्या सोलापूरशी दुरून जोडलेली आहे. डॉ. नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे शल्यचिकित्सक चीन-जपान युद्धात चीनमध्ये जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत होते. 1939 च्या ऑक्टोबरअखेर शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला कापले. जखम लहानच होती. तिच्यातून जंतू रक्तात पसरले आणि 12 नोव्हेंबर 1939 रोजी त्यांचा मृत्यू झाला. वय 49. पेनिसिलिनचा शोध 1928 साली लागला होता, पण रुग्णांवर ते वापरायला 1941 साल उजाडले.

बेथ्यून यांच्या नावाने तिथे जे रुग्णालय उभे राहिले, त्याचे संचालकपद 1941 साली सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्याकडे आले. जखमींची सेवा करता करता 9 डिसेंबर 1942 रोजी, अवघ्या 32 व्या वर्षी, तेही आजाराने गेले.

बेथ्यून यांना झालेल्या आजाराला आज सेप्सिस म्हणतात. काट्याच्या जागी रक्तवाहिनी रुंदावणे आणि झिरपणे फायद्याचे असते. तेच सगळ्या अंगभर झाले तर रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंड आणि मेंदूला रक्त पुरत नाही. अशा वेळी प्रत्येक तास मोलाचा असतो. आज आपल्याकडे प्रतिजैविके आहेत. तरीही रुग्ण उशिरा पोहोचला तर ती अपुरी पडतात.

ठणका नसलेली जखम

मधुमेह असलेल्यांनी हा भाग नीट वाचावा. बाबासाहेबांना मधुमेह होता आणि पायांच्या वेदनेने त्यांना अखेरच्या वर्षांत फार छळले, हे आपण जाणतो. मधुमेह जुना झाला की पायातल्या मज्जातंतूंची जाणीव कमी होत जाते. खिळा रुतला तरी कळत नाही. रक्तपुरवठा अपुरा असतो. वाढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी मंदावतात. त्यामुळे लाली आणि ठणका कमी दिसतो आणि माणूस म्हणतो, “दुखत नाही, म्हणजे काही नाही.” इकडे आत जखम हाडापर्यंत जाते. मधुमेह असेल तर रोज रात्री तळपाय आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहाव्यात. स्वतःला दिसत नसेल तर नातवाला पाहायला सांगावे. अनवाणी फिरू नये. विहारात चप्पल काढून बसलो, तर घरी आल्यावर पाय जरूर पाहावेत.

करायचे काय, टाळायचे काय

जखम झाली की ती वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवावी. वर दिसणारा काटा स्वच्छ चिमट्याने काढावा. खोल गेलेला काटा सुईने उकरत बसू नये. चुना, तंबाखू, चहापत्ती, शेण, माती काहीही भरू नये. हळदीत दाह कमी करणारे घटक असल्याचे प्रयोगशाळेत दिसले आहे, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. उघड्या जखमेत ती नको. धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा घेतले होते ते आठवावे, आणि आठवत नसेल तर दवाखान्यात विचारावे. नखुरडे किंवा गळू दाबून फोडू नये, विशेषतः नाक आणि वरच्या ओठाजवळचे. घोटा मुरगळला तर पहिले दोन दिवस गरम तेलाने चोळू नये. थंड पाण्याची पट्टी, सैलसर बांधणी, पाय उशीवर आणि विश्रांती, एवढे पुरे.

वेदनाशामक गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयार होणे रोखतात, म्हणून आराम पडतो. जंतू मात्र तसेच राहतात. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या दुकानातून आणून रोज खाल्ल्या, तर जठर आणि मूत्रपिंडाला इजा होते. नाव न सांगता दिलेल्या पुडीत स्टिरॉइड असू शकते. ते सूज झटक्यात उतरवते आणि जंतूंना रान मोकळे करून देते. औषधाचे नाव विचारणे हा आपला हक्क आहे.

आपल्या कष्टकरी माणसांना एक अडचण असते, ती म्हणजे खाडा. यंत्रमागावर, विडीच्या पानांवर कात्री चालवताना किंवा गटार-कचऱ्याचे काम करताना बोट कापते. एक दिवस बसले तर मजुरी बुडते, म्हणून चिंधी बांधून काम चालू राहते. हातमोजे आणि गमबूट मिळवणे हा सफाई कामगारांचा हक्क आहे, आणि त्यासाठी आवाज उठवणे हाही आरोग्याचाच भाग आहे. निदान जखम दुपारी एकदा उघडून पाहावी, धुवावी आणि कोरडी पट्टी बांधावी.

घरी थांबू नये अशी लक्षणे

सुजेच्या कडेने पेनाने रेघ मारून ठेवावी. काही तासांत सूज रेघेच्या बाहेर गेली, जखमेपासून वर चढणारी लाल किंवा काळपट रेषा दिसली, हुडहुडी भरून ताप आला, जखम दिसते त्याच्या मानाने वेदना फारच जास्त असल्या, धाप लागली, लघवी कमी झाली किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर त्याच वेळी सिव्हिल हॉस्पिटल गाठावे किंवा 108 ला फोन करावा. गांधीलमाशी चावल्यावर ओठ, जीभ सुजली किंवा श्वास कोंडला, तर एक मिनिटही घालवू नये. मधुमेह्याच्या पायाची कोणतीही जखम त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

तथागतांनी मालुंक्यपुत्ताला विषारी बाण लागलेल्या माणसाचा दाखला दिला होता. बाण मारणारा कोणत्या वर्णाचा, कोणत्या गावाचा, हे कळेपर्यंत बाण काढू देणार नाही, असा हट्ट तो माणूस धरतो आणि त्यातच मरतो. नजर कोणाची लागली, बाहेरचे काय झाले, हे शोधत बसणाऱ्या घरातही तेच घडते. काटा काढावा, जखम धुवावी आणि रेघ ओलांडली तर दवाखाना गाठावा.

नमो बुद्धाय, जय भीम.