उत्तरेकडील शहराचें बिअरचें दालन

आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेस सुमारें ३५० किलोमीटरांवर, नॉर्वे देशाच्या किनाऱ्यालगत एका लहान बेटावर ट्रोम्सो हें शहर वसलेलें आहे. राजधानी ओस्लोपासून तें सरळ रेषेंतही अकराशें किलोमीटरांहून दूर आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस तेथील सूर्य क्षितिजाखालीं जातो, तो जानेवारीच्या मध्यापर्यंत वर येत नाहीं. उष्ण सागरप्रवाहामुळें बंदर गोठत नाहीं, हाच काय तो निसर्गाचा अनुग्रह. अशा ठिकाणीं हॉप्सचे मळे नाहींत, आणि बिअरसाठीं लागणारें धान्यही बाहेरून आणावें लागतें. तरीही उत्तम बिअर कोठें प्यावी, असें तेथें विचारणाऱ्या प्रवाशास एका तळघराकडे बोट दाखविलें जातें. हें कसें घडलें, हें समजून घेण्यासारखें आहे.

प्रथम बिअर म्हणजे काय तें पाहूं. जवाच्या जातीचें बार्ली हें धान्य भिजवून त्यास मोड आणतात व मग तें भट्टींत वाळवितात. या मोड आलेल्या धान्यास माल्ट म्हणतात. त्याचा भरडा साठ-सत्तर अंशांच्या गरम पाण्यांत मुरविला कीं पिठाची साखर होते. तो गोड रस गाळून हॉप्सच्या फुलांबरोबर उकळतात. त्या फुलांनीं कडवटपणा व सुगंध येतो, आणि पेय टिकतेंही. पुढें रस निववून त्यांत किण्व सोडलें म्हणजे साखरेचें मद्य होतें. थंड जागीं सावकाश आंबविलेली ती लागर. किंचित् उबेंत लवकर आंबविलेली ती एल. धान्य अधिक भाजलें तर रंग काळा येतो, आणि चवींत कॉफीची आठवण होते. क्राफ्ट बिअर म्हणून जिचा बोलबाला आहे, ती लहान भट्टीवर, थोड्या प्रमाणांत, अशा चवींचे प्रयोग करून काढलेली बिअर होय.

ट्रोम्सोमधील भट्टीचा इतिहास १८७७ सालापासूनचा आहे. लुडविग मॅक या गृहस्थानें त्या वर्षीं तेथें कारखाना काढला. त्याचे वडील जर्मनींतील ब्राउनश्वाइगहून आलेले पावाचे भट्टीवाले होते. धान्य आणि किण्व यांचा परिचय घरांतच असल्यामुळें मुलगा पावाकडून बिअरकडे वळला, यांत नवल नाहीं. पुढें या कारखान्याच्याच तळघरांत १९२८ सालीं एक पेयगृह उघडण्यांत आलें. त्याचें नांव ओलहालेन, म्हणजे ‘बिअरचें दालन’. शहराच्या मुख्य रस्त्यावर, स्टोरगाटा क्रमांक ४ येथें, तें आजही आहे.

त्या १९२८ सालाकडे थोडें लक्ष द्यावें. नॉर्वेंत कडक मद्यावर १९१६ पासून बंदी होती. १९२६ सालच्या लोकमतानंतर ती उठविण्याचें ठरलें आणि १९२७ सालीं ती संपली. म्हणजे बंदीच्या सावटांतून देश नुकता बाहेर पडत असतांना हें दालन उघडलें. याच वर्षीं जून महिन्यांत रोआल्ड अमुंडसेन हा थोर संशोधक हरवलेल्या नोबिलेच्या शोधार्थ ट्रोम्सोहूनच विमानानें निघाला आणि परत आला नाहीं. सील व अस्वलें यांचे शिकारी आणि खलाशी ध्रुवप्रदेशाच्या सफरींहून परत येत, त्यांच्या गांवचें हें दालन. तेथें उभें असलेलें पेंढा भरलेलें पांढरें अस्वल त्या काळाची साक्ष देतें. महिनोन् महिने बर्फांत काढलेल्या माणसास येथें नुसतें पेय नव्हे, तर दिवा, ऊब आणि ओळखीचा आवाज मिळे.

पुढें कठीण प्रसंग आला तो दुसऱ्या प्रकारचा. जागेची अडचण झाल्यामुळें २०१२ सालीं मोठ्या कारखान्याचें उत्पादन शहराबाहेर, सुमारें ७० किलोमीटरांवरील बाल्सफ्योर परगण्यांत, हलविण्यांत आलें. शतकाहून अधिक काळ ज्या भट्टीचा वास रस्त्यावर दरवळला, ती गेली. परंतु दालन मागें राहिलें, आणि त्याच वास्तूंत एक लहान भट्टी उभारण्यांत आली. मोठें गेलें आणि लहान उरलें. पण शहराच्या दृष्टीनें जें जपण्यासारखें होतें, तें या लहानांतच सांपडलें. आज दालनांत साठांहून अधिक तोट्यांमधून निरनिराळ्या बिअर वाढल्या जातात.

प्रवाशानें तेथील कायदाही ध्यानांत ठेवावा. शेंकडा ४·७ हून अधिक मद्यांश असलेली बिअर घरीं नेण्यासाठीं सरकारी मक्तेदारीच्या ‘व्हिनमोनोपोले’ या दुकानांतच घ्यावी लागते. ही संस्था १९२२ सालची आहे. साध्या बिअरची विक्री इतर दुकानांत आठवड्याच्या दिवशीं रात्रीं आठनंतर व शनिवारीं सहानंतर बंद होते. रविवारीं मुळींच नसते. मद्याच्या जाहिरातीस १९७५ पासून बंदी आहे. करही जबर. परिणामीं पेला महाग पडतो, आणि महाग वस्तु माणूस घोटाघोटानें घेतो.

चव घेण्याचा क्रम असा ठेवावा: प्रथम फिकट व हलकी लागर, मग हॉप्सचा सुगंध असलेली एल, शेवटीं काळी स्टाउट. काळी बिअर फार गार पिऊं नये. दहा-बारा अंशांवर तिचा स्वाद खुलतो. मे महिन्यांत गेल्यास समुद्रपक्ष्यांच्या उकडलेल्या अंड्यांसह बिअर घेण्याची स्थानिक रीतही पाहावयास मिळते.

ट्रोम्सोच्याही उत्तरेस, सुमारें साडेनऊशें किलोमीटरांवरील स्वालबार्डमध्यें, दारू गाळण्यास १९२८ सालच्याच नियमानें मनाई होती. ती २०१४ सालीं उठली आणि पुढल्या वर्षीं तेथेंही बिअर निघूं लागली. एकाच वर्षानें एका ठिकाणीं दार उघडलें, दुसऱ्या ठिकाणीं बंद केलें. मनुष्याच्या सोबतीची गरज मात्र दोन्हीकडे सारखीच. लांब रात्रीच्या गांवांत उत्तम बिअर तीच, जी सोबतीनें आणि बेतानें घेतली जाते.