पुस्तक परत आणताना चार ओळी

औरंगाबादेत 2021 साली, कोरोनाने शाळा बंद असताना, मुलांसाठी मोहल्ला वाचनालये सुरू झाली. त्यासाठी मोठी इमारत लागत नाही, एका घरातले कपाट पुरते. पुस्तके देणगीतून मिळतात हो, पण रोज असरनंतर दार उघडणारे, नोंदवही सांभाळणारे स्वयंसेवक मिळणे अवघड.

त्यांनी आणखी एक काम करावे. पुस्तक परत आणणाऱ्या मुलाकडून त्याबद्दल चार ओळी लिहून घ्याव्यात, उर्दूत किंवा मराठीत. उर्दू माध्यमाची मुले मराठी बोलतात, पण लिहायला बिचकतात. उर्दूत ज़ेर, पेश न लिहिताही शब्द वाचता येतो. मराठीत वेलांटी, उकार सुटला की चूकच! म्हणून सुरुवातीला लाल पेन बाजूला ठेवा. वही कपाटाजवळच असू द्या. एकाचे वाचून दुसरा तेच पुस्तक मागतो.