वेटोळ्याचे सोंग

जुन्या ट्यूबलाइटचा चोक ज्यांनी हातात घेतला असेल, त्यांना त्याचे वजन आठवेल. लोखंडी पट्ट्यांच्या गाभ्याभोवती तांब्याच्या तारेचे वेढेच वेढे. या वेटोळ्याला प्रवाहातला बदल खपत नाही. प्रवाह वाढवू गेले की ते अडवते, तोडू गेले की चालू ठेवू पाहते. इलेक्ट्रॉनिक्समधले इतर घटक मुंगीएवढे झाले, वेटोळे मात्र फारसे आक्रसले नाही.

मग त्याचे सोंग घेता येईल का? 1948 मध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेतील डच संशोधक बर्नार्ड टेलेगेन यांनी ‘जायरेटर’ची कल्पना मांडली. व्होल्टेज आणि प्रवाह यांच्या भूमिकांची अदलाबदल करणारा हा घटक. त्याच्या मागे कपॅसिटर जोडला, की पुढून पाहणाऱ्याला वेटोळे भासते.

एका ट्रान्झिस्टरवरही हे बरेचसे साधते. एमिटर आणि जमीन यांच्यात 100 ओहमचा रोध, कलेक्टर आणि बेस यांच्यात 1 लाख ओहमचा, आणि बेसपासून जमिनीपर्यंत 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. कलेक्टरवरचे व्होल्टेज एकाएकी वाढले तरी बेसला त्याची खबर लगेच लागत नाही. मोठ्या रोधातून कपॅसिटर सावकाश भरतो, तसतसा प्रवाह वाढतो. वेटोळे हेच करते. तिन्ही मापांचा गुणाकार येतो 1 हेन्री. ट्यूबच्या चोकचे मापही साधारण याच घरातले!

गंमत म्हणजे याच सामानाकडे एमिटरच्या बाजूने पाहिले, तर दुसरेच सोंग दिसते. वीजपुरवठा कलेक्टरला आणि भार एमिटरला जोडायचा. बेसचा रोध हजारभर ओहमचा पुरतो. भाराच्या प्रवाहाचा सुमारे शंभरावा हिस्साच बेसमधून जात असल्याने तिथला 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 10,000 चा असल्यासारखा वागतो आणि अॅम्प्लिफायरमधली घरघर शमते. त्यापायी व्होल्टभर गमवावा लागतो, इतकेच.

पण सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे येत नाही. इथे पैसा म्हणजे साठवलेली ऊर्जा. स्टार्टर उघडताच खरा चोक शेकडो व्होल्टचा झटका देऊन ट्यूब पेटवतो. आमचा 1 हेन्री ढिम्म राहील. विद्यार्थिदशेत मी असा गुणक कपॅसिटर अॅम्प्लिफायरला लावून मिरवत होतो. एका संध्याकाळी वीज गेली. मित्राच्या अॅम्प्लिफायरमध्ये खराखुरा जाडजूड कपॅसिटर होता. त्याचा सूर क्षणभर रेंगाळून विरला. माझा त्याआधीच गप्प झाला होता.