जपानी वर्गातला इंग्रजीचा तास

जपानच्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकवायला आलेल्या परदेशी माणसाचा दिवस बूट काढण्यापासून सुरू होतो. दाराशी कप्प्यांची लांब मांडणी असते. बाहेरचे बूट तिथे ठेवायचे, आतले चढवायचे आणि सव्वाआठच्या सुमारास शिक्षकांच्या दालनातल्या बैठकीला हजर व्हायचं. सगळ्यांची टेबलं एकाच खोलीत, एकमेकांना खेटून. बैठक अर्थातच जपानीत. तिसऱ्या तासाला आज क्रीडादिनाची तालीम आहे, हे नव्या माणसाला बरेचदा रिकामा वर्ग बघूनच कळतं.

या शिक्षकांना तिथे ‘एएलटी’ म्हणतात, म्हणजे साहाय्यक भाषाशिक्षक. 1987 मध्ये जपान सरकारने ‘जेट’ नावाची योजना सुरू केली, तेव्हा अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतून 848 तरुण आले होते. अलीकडच्या वर्षांत पाच हजारांहून अधिक जण या योजनेत असतात, सुमारे 50 देशांतले. बरीच वर्षं पहिल्या वर्षाचा पगार 33 लाख 60 हजार येन होता. पदवी असली की अर्ज करता येतो; अध्यापनाची पदविका लागत नाही. त्यामुळे वर्गाची जबाबदारी जपानी शिक्षकाकडे राहते आणि हा पाहुणा त्याच्या जोडीने शिकवतो.

ही जोडी जमली तर तास रंगतो. नाही जमली तर धडा मोठ्याने वाचून दाखवणं एवढंच पाहुण्याच्या वाट्याला येतं. आपण माणूस आहोत की टेपरेकॉर्डर, ही तक्रार या मंडळींमध्ये फार जुनी आहे.

खरी कसोटी लागते ती मुलांच्या गप्प बसण्याने. ‘हाऊ आर यू?’ म्हटलं की अख्खा वर्ग एका सुरात पाठ केलेलं उत्तर देतो. पण एकट्या मुलाला ‘काल रात्री काय जेवलास?’ असं विचारलं, की तो आधी शेजाऱ्याकडे बघतो, मग वहीत, मग कुठेच नाही. चाळिसेक सोबत्यांसमोर चुकण्याची लाज मोठी असते. शिवाय दहावीत प्रवेश मिळवण्याची परीक्षा डोक्यावर असते आणि ती वर्षानुवर्षं व्याकरण आणि वाचनावरच भर देत आली. टोकियो महानगराने बोलण्याची वेगळी चाचणी घ्यायला सुरुवात केली ती थेट 2022 मध्ये.

यापेक्षाही मोठं कारण शाळेच्या फाटकाबाहेर आहे. हुबळीच्या केशवापुरातल्या मराठी घरातलं मूल घ्या. घरात मराठी, गल्लीत कन्नड, रिक्षावाल्याशी हिंदी, शाळेत इंग्रजी. शेजारी रेल्वेचा पसारा, म्हणजे तमिळ-तेलुगूही कानावरून जाणार. एका वाक्यात दोन भाषा मिसळल्या तर तिथे कुणी भुवई उंचावत नाही. अर्धवट भाषेत काम भागवायची सवय या मुलाला शाळेत जाण्याआधीच लागलेली असते. इंग्रजी ही त्यात आणखी एक भर.

जपानी मुलाला अशी गरजच पडत नाही. बातम्या, बँक, दवाखाना, सगळं जपानीत. वैद्यक आणि अभियांत्रिकीसुद्धा जपानीतून शिकता येतं, कारण दीडशे वर्षं तिथे पुस्तकांची भाषांतरं नेटाने होत आली. ‘ईएफ’ संस्थेच्या 2024 च्या इंग्रजी-क्षमतेच्या यादीत 116 देशांत जपान 92 वा होता. आपण त्यावर हसतो खरे. पण मराठीतून एमबीबीएस होता येत नाही, हेही त्याच वेळी आठवलेलं बरं.

दुपारी मात्र चित्र पालटतं. जेवण वर्गातच होतं. पांढरे ॲप्रन आणि टोप्या घालून मुलंच वाढतात आणि परदेशी शिक्षक त्यांच्यातच बसतो. तासाला मुका असलेला मुलगा इथे आवडता फुटबॉलपटू, आवडतं कार्टून, असं काहीबाही मोडक्या इंग्रजीत सांगू लागतो. नंतर सगळे मिळून फरशी पुसतात, त्यातही गप्पा होतात. प्राथमिक शाळेतली मुलं तर आणखी मोकळी. 2020 पासून तिथे तिसरीत इंग्रजीची तोंडओळख आणि पाचवीपासून रीतसर विषय आहे. महाराष्ट्राने पहिलीपासून इंग्रजी 2000 मध्येच आणली होती.

सरकारी शाळेबाहेर संभाषणवर्गांचा मोठा बाजार आहे. तिथे तास संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी भरतात, आणि नोकरीची शाश्वती कमी. त्यातली सर्वांत मोठी साखळी ‘नोवा’ ऑक्टोबर 2007 मध्ये कोसळली आणि हजारो परदेशी शिक्षक थकलेल्या पगारासह अडकून पडले.

इंग्रजी शिकवून पोट भरायचं आणि लिहायचं आपल्या भाषेत, असे लोक दोन्हीकडे झाले. टोकियोच्या शाही विद्यापीठात इंग्रजी शिकवणाऱ्या लाफ्काडिओ हर्न यांच्या जागी 1903 मध्ये आलेले नात्सुमे सोसेकी पुढे जपानीतले थोर कादंबरीकार ठरले. धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारे जी. ए. कुलकर्णी कन्नड मुलखात राहून मराठी कथा लिहीत राहिले. दोघांच्या विद्यार्थ्यांना समोर कोण उभं आहे, याची कितपत कल्पना असेल?

आता मराठी माणूस जपानी शाळेच्या प्राचार्यपदीही पोचला आहे. 2019 मध्ये टोकियोच्या एदोगावा प्रभागसभेवर निवडून आलेले योगेंद्र पुराणिक 2023 मध्ये इबाराकी प्रांतातल्या त्सुचिउरा इथल्या सरकारी माध्यमिक शाळेचे प्राचार्य झाले. टोकियोत 2004 आणि 2006 मध्ये दोन भारतीय शाळा उघडल्या, त्या खरं तर आयटीवाल्यांच्या मुलांसाठी. इंग्रजी माध्यम आणि भारतीय गणित यांच्या ओढीने जपानी पालकही तिथे रांगेत आले. त्यांचं दुखणं मात्र उलटं आहे. पुढे जपानी विद्यापीठ गाठायचं तर नित्यवापरासाठी ठरवलेली 2,136 कांजी अक्षरं यायलाच हवीत, आणि ती शिकवायची जबाबदारी बव्हंशी घरावर येऊन पडते.