घरची मोटार, घरचे चिरंजीव आणि विम्याचा हिशेब

ज्या खर्चाची पावती मिळते तो खर्च व्यापाऱ्यास सहसा बुडवीत नाही. पोत्यामागे हमाली किती, तोलाई किती, अडत किती हे आपण आधीच जाणतो आणि भावात धरतो. परंतु गोदामात शिरलेली ओल कोणत्याही बिलात लिहिलेली नसते, आणि हंगामाचा नफा खाऊन टाकते ती तीच. बेळगावच्या रविवार पेठेत धान्याचा घाऊक व्यापार करीत आमची हयात गेली, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचेच. तरीही घरच्या मोटारीच्या विम्याचे कागद वाचताना आम्हांस या ओलीचीच आठवण होते. त्याविषयी चार शब्द बंधूंच्या विचारार्थ मांडीत आहोत.

आज आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात मोटार आहे. घरातील मुलगा वा मुलगी अठरा वर्षांची झाली की किल्ली मागते, आणि मग बाजारात भेटणारा एखादा स्नेही हमखास विचारतो, "मुलाने गाडी चालवावयास घेतली म्हणजे विम्याचा हप्ता कितीने वाढतो?" याचे सरळ उत्तर असे की, आपल्या देशात तो सामान्यतः एका पैशानेही वाढत नाही. हे ऐकून विचारणाऱ्यास हायसे वाटते. आम्हांस मात्र वाटते की, खरी काळजी करावयाची ती याच ठिकाणी.

आपले जे आप्त अमेरिकेत न्यूजर्सीसारख्या प्रांतात स्थायिक झाले आहेत, त्यांचा अनुभव याच्या अगदी उलट आहे. तेथे विम्याचा दर गाडीबरोबर चालकावरही ठरतो. घरात ज्याला परवाना मिळाला त्याचे नाव कंपनीस कळवावे लागते, आणि ते नाव सतरा वर्षांच्या मुलाचे असेल तर संपूर्ण कुटुंबाचा हप्ता कित्येकदा जवळजवळ दुप्पट होतो. आमच्या व्याह्यांच्या घरी असे घडले तेव्हा त्यांना तो अन्याय वाटला. पण त्यामागे हिशेब आहे. तेथील आकडेवारीप्रमाणे सोळा ते एकोणीस वर्षांच्या चालकांचे प्राणघातक अपघात, तितक्याच मैलांमागे, वीस वर्षांवरील चालकांच्या जवळजवळ तिप्पट असतात. रात्रीची वेळ आणि गाडीत भरलेले समवयस्क मित्र यांनी धोका आणखी वाढतो. म्हणून न्यूजर्सीत नवशिक्या तरुणास रात्री अकरापासून पहाटे पाचपर्यंत गाडी चालविता येत नाही, आईवडील वा पालक बरोबर नसतील तर एकाहून अधिक सोबती बसविता येत नाही, आणि २०१० पासून त्याच्या गाडीच्या पाटीवर लाल चिठ्ठी लावावी लागते. सारांश, तेथे जोखमीचे बिल आधीच हाती येते.

आपल्याकडे तसे नाही. तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा असून त्याचा दर सरकार ठरविते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात १००० सी.सी.पर्यंतच्या खाजगी मोटारीस २,०९४ रुपये, १००० ते १५०० सी.सी.पर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये असा वार्षिक दर ठरला. गाडी साठ वर्षांचे आजोबा चालवोत की अठरा वर्षांचा नातू, दर तोच. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ताही मुख्यतः तिची किंमत, वय, इंजिन आणि नोंदणीचे शहर यांवर ठरत आला आहे. चालकाविषयी पॉलिसीत अट एवढीच की, त्याच्याजवळ वैध परवाना असावा. म्हणजे जोखीम येथेही तीच. फक्त बिल नंतर येते. ते कोणकोणत्या रूपाने येते ते आता पाहू.

पहिले रूप सौम्य आहे. वर्षभर दावा न केल्यास पुढील हप्त्यात वटाव मिळतो, त्यास नो क्लेम बोनस म्हणतात. तो ओळीने २०, २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षी ५० टक्के होतो, आणि एक दावा केला की शून्यावर येतो. नुकसानीचा मूळ हप्ता १०,००० रुपये आहे असे समजा. पन्नास टक्के वटाव असणारा ५,००० भरतो. मुलाने गाडी खांबावर घासली आणि दावा केला, तर पुढे अनुक्रमे १०,०००, ८,०००, ७,५००, ६,५०० आणि ५,५०० भरावे लागतात, तेव्हा कोठे पुन्हा ५,००० येतात. पाच वर्षांत जादा गेले १२,५०० रुपये. शिवाय प्रत्येक दाव्यात पहिले १,००० रुपये, आणि १५०० सी.सी.वरील गाडीस २,००० रुपये, आपणच सोसावयाचे. तेव्हा नऊदहा हजारांची दुरुस्ती खिशातून केलेली परवडते. नवशिक्याच्या हातून पहिल्या वर्षी अशी घासाघीस व्हावयाचीच. ती रक्कम घरखर्चात आधीच धरून ठेवावी.

दुसरे रूप अधिक गंभीर आहे. पॉलिसीत १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, म्हणून आपण निश्चिंत असतो. पण तो केवळ नोंदणीकृत मालकापुरता असतो, आणि त्याच्याजवळ परवाना असेल तरच लागू होतो. वडिलांची गाडी चालविणारा मुलगा त्यात येत नाही. तो तृतीय पक्षही ठरत नाही, कारण मालकाची गाडी मागून चालविणारा मालकाच्याच जागी उभा राहतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आहे. म्हणजे मुलाच्याच चुकीने अपघात झाला तर त्याच्या स्वतःच्या जिवाची भरपाई त्या पॉलिसीत बहुधा नाही. आणखी एक गोष्ट आपल्या व्यापारी मंडळींनी विशेष ध्यानात ठेवावी. करासाठी सोयीचे म्हणून आपण मोटार पुष्कळदा पेढीच्या नावे घेतो. भागीदारी पेढीच्या वा कंपनीच्या नावावरील गाडीस हे मालक-चालकाचे संरक्षण मुळीच मिळत नाही. आमचा नातू अठरा वर्षांचा झाला तेव्हा आम्ही सर्वप्रथम त्याच्या नावे स्वतंत्र अपघात विमा उतरविला, आणि मगच किल्ली त्याच्या हाती दिली.

तिसरे रूप पेढी बुडविणारे आहे. परवाना नसलेल्या मुलाने गाडी नेली आणि माणूस दगावला तर काय होते? २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या तत्त्वानुसार, मृताच्या वारसांस विमा कंपनीने भरपाई द्यावी, असे न्यायाधिकरण सांगू शकते. पण मालकाने जाणूनबुजून अट मोडल्याचे सिद्ध झाल्यास कंपनी ती रक्कम त्याच्याकडून वसूल करू शकते. रक्कम किती होईल याचा अंदाज करू. मृत मनुष्य तीस वर्षांचा, स्वतःचा लहान धंदा करणारा, मासिक उत्पन्न ३०,००० रुपये, मागे पत्नी आणि दोन मुले. वर्षाचे ३,६०,००० झाले. पुढील वाढीचे ४० टक्के धरून ५,०४,००० होतात. त्यातून त्याचा स्वतःचा खर्च एकतृतीयांश वजा करता ३,३६,००० उरतात. या वयास १७ चा गुणक लागतो. एकूण ५७,१२,००० रुपये, इतर किरकोळ बाबी आणि व्याज निराळे. क्विंटलमागे निव्वळ पन्नास रुपये सुटतात असे मानले तर ही रक्कम उभी करण्यास एक लाख चौदा हजार क्विंटलांहून अधिक धान्य विकावे लागेल. गाडी पेढीच्या नावे असेल तर ही वसुली सर्व भागीदारांच्या दारात येते. ज्यांनी त्या मुलास किल्ली दिली नाही त्यांच्याही.

अठरा वर्षांखालील मुलांविषयी तर कायद्याने संशयास जागाच ठेवलेली नाही. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या कलम १९९अ प्रमाणे अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालक वा मालक दोषी समजला जातो. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलास पंचवीस वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. आपणास ठाऊक नव्हते अथवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे पालकासच सिद्ध करावे लागते. सोळाव्या वर्षी चालते ते केवळ पन्नास सी.सी.पर्यंतचे बिनगियरचे वाहन. बाजारात सर्रास दिसणाऱ्या शंभर-सव्वाशे सी.सी.च्या स्कूटरी त्यात बसत नाहीत. मे २०२४ मध्ये पुण्यात सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती असलेल्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला, आणि त्या मुलाच्या वडिलांनाही अटक झाली. ज्या दोन घरांतील कर्ती मुले गेली, त्यांचे नुकसान कोणत्या गुणकाने मोजावे?

यास्तव आमची बंधूंना विनंती आहे की, मुलाच्या हाती किल्ली देण्यापूर्वी पुढील गोष्टी कराव्यात. गाडी कोणाच्या नावे आहे ते पाहावे. शिकाऊ परवाना असेपर्यंत शेजारी परवानाधारक शिकविणारा बसलेला असावा आणि गाडीस पुढेमागे 'एल'ची पाटी असावी. याखेरीज झालेल्या अपघातात विम्याची अट मोडते. पक्का परवाना मिळाल्यावरही पहिले एक वर्ष रात्री अकरानंतर गाडी नाही आणि एकाहून अधिक मित्र नाहीत, असा न्यूजर्सीचा नियम आपण घरच्या घरी लावावा. त्यास सरकारच्या हुकमाची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या संस्थेनेही वर्षातून एकदा सभासदांच्या मुलामुलींसाठी परवाना व विमा या विषयांवर एखाद्या जाणत्या वकिलाचे व्याख्यान ठेवावे, असे आम्ही सुचवितो.

आपण नव्या गुमास्त्यास पहिल्या दिवशी तिजोरीची चावी देत नाही. त्याची पारख करतो, आधी किरकोळ वसुलीस धाडतो, आणि मग हळूहळू विश्वास टाकतो. मोटारीची किल्ली तिजोरीच्या चावीहून हलकी मानण्यास आम्हांस काही आधार दिसत नाही. मुलांवर अविश्वास दाखवावा असे आमचे म्हणणे नाही. जोखमीचे बिल कंपनी आधी पाठवीत नसेल तर ते घरातील वडीलधाऱ्यांनी आधी मांडावे, आणि मुलास समोर बसवून वाचून दाखवावे, इतकेच आमचे सांगणे आहे.